‘बर्ड’ (१९८८) : झांज दिसते, रियाझ दिसत नाही

उलटासूर

काल रात्री क्लिंट ईस्टवुडचा, चार्ली पार्कर या जॅझवादकावरचा ‘बर्ड’ पुन्हा बघितला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पार्कर झालेल्या फॉरेस्ट व्हिटेकरच्या घामेजलेल्या, हसऱ्या, थकलेल्या चेहऱ्यावरच भाळलो होतो. (त्या कामासाठी त्याला १९८८ च्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, आणि ते रास्तच होतं.) मधल्या वर्षांत चार्ली पार्कर भरपूर ऐकला. आणि काल बघताना काहीतरी खुपायला लागलं, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ली पार्कर ऊर्फ बर्ड, आल्टो सॅक्सोफोन. जन्म १९२०, कॅन्सस सिटी. ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पी आणि आणखी मोजक्या लोकांबरोबर त्याने १९४० च्या दशकात जॅझची बोलीच बदलून टाकली. त्या नव्या बोलीला बीबॉप म्हणतात. १२ मार्च १९५५ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, मैत्रिणीच्या घरी टीव्ही बघता बघता गेला. वय ३४. तपासणाऱ्या डॉक्टरने ५० ते ६० धरलं होतं. एवढं सांगितलं की हेरॉइन आणि दारूचं वेगळं सांगायला नको.

आता झांज. सिनेमात एक झांज पुन्हा पुन्हा हवेतून गरगरत येते. किस्सा १९३६ चा. कोवळा पार्कर कॅन्सस सिटीत मोठ्या वादकांच्या जॅममध्ये (न ठरवता रंगलेल्या एकत्र वाजवण्यात) घुसतो, मध्येच वाट चुकतो, आणि ड्रमवरचा जो जोन्स स्टँडवरची झांज काढून त्याच्या पायाशी भिरकावतो. ईस्टवुड ती झांज इतकी संथ फिरवतो की तिच्यावरचा उजेडसुद्धा वळताना दिसतो. मग ती आदळते, हशा होतो, आणि पोरगा खाली मान घालून निघून जातो. पुढे पार्करच्या आयुष्यात काही बिनसलं की ती झांज परत येते.

सुरेख आहे. पण झांज पडल्यावर काय झालं? पुढच्या उन्हाळ्यात हा पोरगा ओझार्कच्या डोंगरात एका बँडबरोबर गेला, सोबत सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्डी घेऊन. त्यातले सोलो सुरासुरानिशी पाठ केले. १९५४ च्या एका रेडिओ मुलाखतीत पॉल डेसमंड या सॅक्सोफोनवाल्याला त्याने स्वतःच सांगितलंय, की तीन-चार वर्षं दिवसाला ११ ते १५ तास वाजवत होतो आणि शेजारी आईला घर सोडायला सांगत होते. त्या शेजाऱ्यांना सिनेमात जागा नाही. अडीच तासांहून लांब सिनेमा, त्यात सुई आहे, बाटली आहे, आयोडीन पिणं आहे, इस्पितळ आहे. माणूस कसा मोडला हे पूर्ण कळतं, पण घडला कसा हे कुठेच नाही.

मला चुकीचं खुपतंय का? बोला.

पहिला_बाक

बसलो. चहा ठेवलाय.

तिहाई

उलटासूर, खुपतंय ते बरोबरच आहे, पण ईस्टवुडने करायचं काय होतं? रियाझ पडद्यावर दाखवायचा म्हणजे एक माणूस भिंतीकडे तोंड करून तेच चार सूर बाराही पट्ट्यांमधून काढतोय, आणि आपण बघतोय. दोन मिनिटांत लोक मोबाइल काढतील. सुई टोचली की प्रेक्षक आपोआप दचकतो, दिग्दर्शकाला काही करावं लागत नाही.

मी तबल्यावरचा माणूस, त्यामुळे माझ्या डोक्यात हे असं बसलंय. आपल्याकडे राग धरून ठेवायचा आणि त्यात फिरायचं. या लोकांनी धरून ठेवली ती कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांची) रांग, आणि मूळ चाल खुशाल फेकून दिली. २६ नोव्हेंबर १९४५ चं ‘को-को’ घ्या. खाली सांगाडा ‘चेरोकी’ नावाच्या तेव्हाच्या लोकप्रिय गाण्याचा. ६४ बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) आवर्तन, आणि मधल्या भागात पट्टी अशी सरकत जाते की भले भले तिथे घसरायचे. लय मिनिटाला ३०० ठोक्यांच्या आसपास. त्या लयीत हा माणूस प्रत्येक वळणावर नेमका त्या कॉर्डचा सूर गाठून पुढे जातो, आणि वर ते गाण्यासारखं लागतं. हे ‘दैवी देणगी’ म्हणून सोडून देता येत नाही हो. हात बसलेला आहे तो.

त्याच दिवशीचा फसलेला पहिला टेकसुद्धा मिळतो. सुरुवातीचा ठरलेला तुकडा झाल्यावर ते थेट ‘चेरोकी’ची चालच वाजवायला लागतात, आणि कोणीतरी आवाज देऊन थांबवतं. चाल वाजवली असती तर मूळ संगीतकाराला रॉयल्टी द्यावी लागली असती, म्हणून थांबवलं असं सांगतात. दुसऱ्या टेकमध्ये चाल गायब. त्या सेशनला ट्रंपेटवर माइल्स डेव्हिस होता, वय १९. पण या तुकड्यात ट्रंपेट गिलेस्पीची आहे, आणि पियानोवरही तोच धावत जाऊन बसतो.

असा एक प्रसंग सिनेमात पाच मिनिटं दाखवला असता तर मी सुईची दहा मिनिटं माफ केली असती.

शंकेखोर

मी जरा उलट बोलतो, रागावू नका.

प्रतिभा प्रतिभा किती करायचं? दुसऱ्याचं वाद्य उसनं घेऊन गहाण टाकणारा, कार्यक्रमाला न येणारा, आलाच तर स्टेजवर झोपणारा माणूस. लग्नं किती, त्यातल्या बायकांचं काय झालं? सिनेमा फक्त चॅनला, त्याच्या शेवटच्या जोडीदाराला, धरून बसलाय. पहिली बायको रिबेका, तिचा मुलगा लिऑन, मधली डॉरिस, यांचं काय? तुमच्या बँकेतला कारकून असं वागला तर त्याच्यावर कोणी सिनेमा काढेल का? वाजवतो छान म्हणून सगळं खपतं.

आणि त्याच्या नादाने किती पोरं त्या सुईला लागली. बर्ड घेतो म्हणून आपणही घेऊ, म्हणजे तसं वाजेल. ट्रंपेटवाला रेड रॉडनी त्यातलाच.

पहिला_बाक

@शंकेखोर, कारकुनाने मिनिटाला ३०० च्या लयीत हिशेब लिहिला तर मी स्वतः काढतो सिनेमा.

निरंजना

शंकेखोर, तुमचा राग मला समजतो. आमच्या घरात असा एक वाजवणारा होता. नातं सांगत नाही. व्हायोलिन. लोक अजून आठवण काढतात. मी तेव्हा शाळेत होते, केर काढताना कोपऱ्यातली व्हायोलिनची पेटी बाजूला करायला उचलली, तर ती इतकी सहज वर आली की मी मागेच पडले. आत काहीच नव्हतं. पेटी जागेवर ठेवून व्हायोलिन विकलं होतं, कोणाला कळू नये म्हणून. पुढे आठ दिवस घरात सगळे त्या पेटीच्या बाजूने वावरत होते आणि कोणी काही बोललं नाही. त्यामुळे ‘गहाण टाकायचा’ हे वाचताना मला गंमत वाटत नाही.

पण म्हणूनच मला हा सिनेमा उलटासूरपेक्षा वेगळा दिसला. पटकथेला आधार आहे तो चॅनच्या आठवणींचा, ज्या तेव्हा छापलेल्याही नव्हत्या. ती त्याच्याबरोबर राहायला लागली १९५० मध्ये. ओझार्कचा उन्हाळा होऊन तेव्हा तेरा वर्षं उलटली होती. तिने तो बघितलाच नाही! तिला घडलेला बर्ड मिळाला आणि तिच्या डोळ्यांदेखत तो मोडत गेला. मग तिच्या आठवणीत शेजारी कुठून येणार? मला तर हा सिनेमा सॅक्सोफोनवाल्याचा वाटलाच नाही. रात्री दोन वाजता फोनची वाट बघत बसलेल्या बाईचा वाटला. चॅन झालेल्या डायान व्हेनोराचं काम परत बघा. ती रडारड करत नाही, चिडचिडही मोजकीच. फक्त खोलीत आला की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघते. ज्यांनी अशा घरात दिवस काढलेत त्यांना ती नजर माहीत असते.

आणि तारांचा प्रसंग. मार्च १९५४, त्यांची लहान मुलगी प्री न्यूयॉर्कमध्ये वारते, आणि हा दूर कॅलिफोर्नियात. रात्रभर चॅनला एकामागून एक तारा पाठवत राहतो. एका तारेत मी येईपर्यंत अंत्यविधी थांबव म्हणतो. प्रत्येक तारेत भाषा अजून थोडी विस्कटलेली. त्या तारा खऱ्या आहेत. दारू त्यातही आहेच, पण मला तिथे पहिल्यांदा वाटलं की हा माणूस ‘अवघड’ नव्हता, त्याला दुःख करायचं कसं हेच येत नव्हतं.

उलटासूर

निरंजना, चॅनच्या नजरेचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. विचार करतो. (आणि पेटीबद्दल… काय बोलू.)

खरखर

रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून या सिनेमाबद्दल माझं दुखणं वेगळं आहे. ऑस्करमध्ये याला एकच पारितोषिक मिळालं, ध्वनीचं. आणि भांडणही तिथेच आहे.

व्हिटेकर वाजवतोय असं दिसतं तेव्हा बहुतेक ठिकाणी ऐकू येतो खरा पार्कर. सिनेमाचं संगीत सांभाळणाऱ्या लेनी नीहाउसने जुन्या रेकॉर्डिंगमधून, त्यात चॅनने जपून ठेवलेल्या खासगी टेपही आल्या, पार्करचा सॅक्सोफोन तेवढा वेगळा काढला. जुनं सगळं मोनो. सगळी वाद्यं एकाच रेघेत कालवलेली. आजच्यासारखं बटण दाबून वाद्य सुटं होत नव्हतं. फिल्टर लावून खालचा बास काप, वरची झांज काप, आणि मधे जे राहील ते घासूनपुसून घे. मग त्याच्यामागे नवी साथ बसवली. माणसं साधीसुधी नव्हेत : बासवर रे ब्राउन आणि रॉन कार्टर, पियानोवर बॅरी हॅरिस, माँटी अलेक्झांडर, वॉल्टर डेव्हिस, ड्रमवर जॉन गेरिन. डिझीची ट्रंपेट जॉन फॅडिसने वाजवली. जिथे जुनं काही लागू पडेना तिथे चार्ल्स मॅकफर्सनने सॅक्सोफोन वाजवला. आणि रेड रॉडनीची ट्रंपेट? खुद्द रेड रॉडनीने. साठीला आलेला रॉडनी हेडफोन लावून बसलाय आणि कानात तीसेक वर्षांपूर्वी गेलेला दोस्त वाजवतोय, हे चित्र मला सिनेमातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त हलवतं.

काम म्हणून अचाट. जुना वादक कुठल्या तालयंत्रावर वाजवत नव्हता. त्याची लय केसभर पुढेमागे होणारच, आणि नव्या साथीदारांनी ती पकडायची, आणि वर तो आपल्यालाच उत्तर देतोय असं भासवायचं.

तिहाई

पण तो त्यांना उत्तर देत नव्हता ना! खरखर, हे मला पचत नाही. साथ म्हणजे काय फर्निचर आहे, जुनं काढलं नवं ठेवलं? पार्करने एखादी जागा सोडली ती मागच्या ड्रमवाल्याने काहीतरी केलं म्हणून सोडली असेल. तो ड्रमवाला पुसला की ती जागा नुसती पोकळ राहते. मैफलीत गवयाने ‘क्या बात’ म्हटलं आणि ते नेमकं ज्याला म्हटलं तोच उचलून नेला, असं झालं हे.

खरखर

खरंय. मी ते साउंडट्रॅक घरी लावत नाही. पण थिएटरमध्ये मूळ टेप लावली असती तर पार्कर दुसऱ्या गल्लीत वाजवल्यासारखा ऐकू आला असता. सिनेमा बघून लोक मूळ रेकॉर्डीकडे गेले असतील तर मला चालेल. उलटासूर गेले ना?

उलटासूर

गेलो. म्हणूनच तर खुपायला लागलं.

दवबिंदू

याच विषयावरचा दुसरा सिनेमा कोणी काढला कसा नाही? बेर्त्राँ ताव्हेर्निएचा ‘राउंड मिडनाइट’, १९८६. तिथे नटाला वादक बनवायच्या भानगडीत न पडता खऱ्याच वादकाला नट केलंय. डेक्स्टर गॉर्डन, टेनर सॅक्सोफोन, स्वतः या सगळ्या दलदलीतून बाहेर पडलेला. पॅरिसमधला दारुडा अमेरिकन वादक, आणि त्याला घरी आणून सांभाळणारा एक फ्रेंच चाहता. पात्र बेतलंय पियानोवाला बड पॉवेल आणि लेस्टर यंग यांच्यावर. संगीत चित्रीकरणाच्या वेळीच, कॅमेऱ्यासमोर रेकॉर्ड केलंय. म्हणजे तिहाईंची तक्रार मिटली. गॉर्डनला ऑस्करचं नामांकन होतं, आणि संगीताचं ऑस्कर हर्बी हॅनकॉकने नेलं.

गॉर्डन बोलतो कसा ते बघा. वाक्य अर्धं सोडतो, थांबतो, आपल्याला वाटतं विसरला, आणि मग उरलेलं असं टाकतो की समेवर आल्यासारखं वाटतं. रियाझ तिथेही दाखवलेला नाही. पण तो माणूस खुर्चीतून उठतो तेव्हा त्याच्या अंगात दिसतो.

तिहाई

‘राउंड मिडनाइट’ला शंभर टक्के अनुमोदन. आणि पॉवेलचं नाव निघालंच आहे तर ‘अवघड माणूस’ या शब्दाबद्दल बोलतो.

मरणाच्या आठवडाभर आधी, ५ मार्च १९५५ ला पार्कर बर्डलँडमध्ये शेवटचा वाजवायला उभा राहिला. क्लब त्याच्याच नावाचा, आणि मधल्या काळात त्यालाच तिथे बंदी झाली होती! पियानोवर पॉवेल, बासवर मिंगस, ड्रमवर आर्ट ब्लेकी, ट्रंपेटवर केनी डॉरहॅम. पॉवेल नशेत. दोघांची स्टेजवर जुंपली, पॉवेल उठून गेला, आणि पार्कर माइकवर त्याच्या नावाने हाका मारत राहिला. मिंगसने पुढे येऊन श्रोत्यांना सांगितलं की या सगळ्याशी माझा संबंध जोडू नका.

हे वाचून शंकेखोर म्हणतील, बघा, दोघेही वाया गेलेले. पण पॉवेल मुळात असा नव्हता. १९४५ मध्ये पोलिसांनी त्याच्या डोक्यात मारलं, तिथून त्याच्या मनोरुग्णालयाच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि विजेचे झटके. आणि न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडचं कार्ड लागायचं. ते काढून घेतलं की शहरातला धंदाच बंद. पार्करचं १९५१ मध्ये गेलं. पियानोवाल्या थेलोनियस मंकचंही त्याच वर्षी, गायिका बिली हॉलिडेचं त्याच्याही आधी. माणसाचं पोट मारायचं आणि वर तो बेभरवशाचा म्हणायचं. ती पद्धत १९६७ मध्ये बंद झाली. तोवर पार्करला जाऊन बारा वर्षं झाली होती.

शंकेखोर

कार्डाचं मला ठाऊक नव्हतं. एवढं मागे घेतो. बायकांचं घेत नाही.

निरंजना

ते घेऊही नका.

रिकामटेकडा

सगळं वाचलं. सिनेमा बघितलेला नाही, बीबॉप ऐकलं की माझं डोकं उठतं, तरी एक विचारतो : यात कुठे हसायला येतं का? की अडीच तास काळोखच? माझ्या मित्राने अर्ध्यावर सोडला होता.

दवबिंदू

काळोख आहे. इतका, की मी एकदा टीव्ही बिघडला म्हणून उठले होते. पण रेड रॉडनीचे प्रसंग बघा. दक्षिणेत काळे-गोरे एका स्टेजवर चालत नसत, आणि रॉडनी पडला गोरा, ज्यू. तर त्याला ‘अल्बिनो रेड’ नावाचा काळाच माणूस म्हणून खपवतात, आणि वर गायला लावतात! हे खरं घडलेलं आहे. त्याआधी एका ज्यू लग्नात आख्खा बँड वाजवायला जातो, तिथे पार्कर दोन मिनिटांत त्यांच्या चालींमध्ये असा मिसळतो की वऱ्हाडी खूश.

अवांतर : ही पटकथा आधी दुसऱ्या स्टुडिओकडे होती, पार्कर म्हणून विनोदी नट रिचर्ड प्रायर डोळ्यासमोर ठेवून. तो सिनेमा झाला असता तर हशा नक्की मिळाला असता. बाकी काय मिळालं असतं देव जाणे.

उलटासूर

आज दुपारी सुट्टी होती. निरंजना म्हणाल्या म्हणून फक्त चॅनकडे बघत परत सिनेमा लावला. अर्धाच झाला, पण फरक पडतो हे कबूल. पार्कर बोलत असताना कॅमेरा तिच्यावर किती वेळा आहे, हे तीनदा बघूनही दिसलं नव्हतं. तक्रार पूर्ण गेली नाही. मला तो उन्हाळा अजूनही हवाय. पण हा सिनेमा तो देऊ शकत नव्हता, दुसऱ्या कोणीतरी काढावा.

नंतर दोन रेकॉर्डी पाठोपाठ ऐकल्या. पहिली ‘लव्हर मॅन’, २९ जुलै १९४६, लॉस एंजेलिस. हेरॉइन मिळेनासं झालेलं, त्याची भर दारूने काढलेली, स्टुडिओत धड उभं राहवत नाही. पियानोवाला सुरुवात करून देतो आणि सॅक्सोफोन येतच नाही. पियानो आपला पुढे वाजवत राहतो. मग हा उशिरा, अडखळत आत येतो, जणू दार कुठे आहे ते चाचपडतोय. त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत आग, पोलीस, आणि पुढे कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात सहा महिने. कंपनीने ही रेकॉर्ड बाजारात आणली याचा त्याला फार राग होता. लोक मात्र ‘काय वेदना आहे’ म्हणून तीच ऐकवतात. मीही ऐकवायचो.

दुसरी ‘रिलॅक्सिन ॲट कॅमारिलो’, १९४७. तिथून सुटून आल्यावरची. साधे १२ बारचे ब्लूज, पण चाल अशी तिरपी की पहिल्या चार बारांत सम कुठे आहे हे मला अजून नीट सापडत नाही. तिहाई, जरा हाताने मोजून सांगता का?

तिहाई

आताच लावली. पहिल्या वेळी मीही चुकलो. मोजून संध्याकाळी टाकतो.